मधल्या पट्टीचा रंग

आमच्या घरात एका समुद्रावरून भांडण आहे. तो समुद्र आटून कोट्यवधी वर्षं झाली, त्याच्या तळाचा दगड झाला, दगडाचे डोंगर झाले, पण भांडण काही आटायचं नाव घेत नाही.

भांडणारे दोघे म्हणजे माझे बाबा आणि माझी आत्या. सख्खे बहीणभाऊ. दोघंही जीवाश्म प्रवाळांचे तज्ज्ञ, दोघंही एकाच संग्रहालयातून निवृत्त झालेले आणि, माझं नशीब, दोघंही एकाच इमारतीत राहणारे. बाबा माझ्याकडे असतात, आत्या बरोबर आमच्या डोक्यावर. मी शाळेत असल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं झालं तर मी आहे. “तुझ्या आत्याला सांग, तिच्या कुंड्यांचं पाणी माझ्या खुर्चीवर पडतंय.” “तुझ्या बापाला सांग, खुर्ची आत ओढायला पैसे पडत नाहीत.” आपापल्या गॅलरीत उभं राहून दोघंही हे इतक्या मोठ्यानं सांगतात की समोरच्या इमारतीतली माणसं खिडक्या लावून घेतात. पण मी जिना चढून वर जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हटल्याशिवाय निरोप पोहोचला असं कुणी धरत नाही.

आता आत्या मुलाकडे चालली होती, परदेशात, कायमची. शनिवारचं विमान. या वयात ती परत येणार नाही हे तिला माहीत होतं आणि बाबांनाही. बाबांची नजर तर गेल्यातच जमा. कडेकडेचं धूसर दिसतं, समोर उभा असलेला माणूस दिसत नाही. म्हणजे या दोघांना एकमेकांशी काही बोलायचं असेल तर ते शनिवारच्या आत. एकाच जिन्यावर राहून जे बोलले नाहीत ते फोनवर बोलतील, ही आशा मी ठेवलेली नव्हती.

“एकदा वर जाऊन या ना,” मी बाबांना म्हटलं.

“लहानपणापासून प्रत्येक गोष्टीतला मोठा वाटा तिनं घेतला,” बाबा म्हणाले. “आता निरोप द्यायलाही मीच जाऊ?”

हे मोठ्या वाट्याचं पालुपद मी जन्मापासून ऐकत आले आहे. खिडकीजवळचा पलंग ताईनं घेतला. आजोबांचं भिंग ताईनं घेतलं. संग्रहालयातली उजेडाची खोली ताईला मिळाली, बाबांच्या वाट्याला कोठारामागची अंधारी. मी हे सगळं पाठ म्हणून दाखवू शकते.

वर गेले. आत्या कपाट रिकामं करत होती. “आत्या, तू तरी मोठी आहेस. खाली ये, दोन शब्द बोल आणि जा.”

“त्याला म्हणावं, आधी चूक कबूल कर. मग बघू.”

मी हात टेकले आणि खाली आले.

चूक कसली ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसतीच करवादते आहे. प्रवाळ म्हणजे इवलेसे प्राणी. उथळ, कोमट, स्वच्छ खाऱ्या पाण्यात राहतात, अंगाभोवती चुन्याची घरं बांधतात, एकाला लागून दुसरं अशी वसाहत करतात. प्राणी मरतात, घरं उरतात, त्यांचा दगड होतो. त्यामुळे एखाद्या डोंगरात असा प्रवाळ सापडला की तिथे कधीतरी कोमट, उथळ समुद्र होता असं बेधडक सांगता येतं. नकाशावर जिथे जिथे प्रवाळ मिळाला तिथे टिंब द्यायचं. टिंबं वाढत गेली की जुने समुद्र आपोआप उमटतात. इथवर बाबा आणि आत्या यांचं एकमत आहे. इथून पुढे नाही.

आमच्या भागात पश्चिमेला चुनखडीची जुनी खाण आहे आणि लांब पूर्वेला डोंगर. मधे सपाट प्रदेश, त्यावर नंतर इतका गाळ बसलाय की खाली काय आहे ते कुणाच्या बापाला दिसत नाही. आत्याकडे पश्चिमेच्या खाणीतला एक प्रवाळ होता, पोळ्यासारख्या षट्कोनी घरांचा. बाबांनी तसाच एक पूर्वेच्या डोंगरातून आणला. बाबा म्हणाले, ही एकच जात. प्रवाळाची पिल्लं पाण्यात तरंगत जातात, जमिनीवरून चालत जात नाहीत. म्हणजे मधे समुद्रच होता. आत्या म्हणाली, याच्या प्रवाळाची घरं मोठी, माझ्याची लहान. जाती दोन. म्हणजे मधे जमीन होती आणि या समुद्राला त्या समुद्राचा पत्ताही नव्हता. एवढ्यावर ती थांबली नाही. बाबांच्या प्रवाळाला तिनं वेगळं नाव दिलं आणि छापून टाकलं. बाबांच्या दगडाला, बाबांना न विचारता.

मग एका परिषदेत बाबा व्यासपीठावरून म्हणाले की माझ्या बहिणीला एकाच माणसाचे दोन फोटो दाखवले तर ती दोन माणसं मोजेल. आत्या पहिल्याच रांगेत होती. ती उठली आणि म्हणाली की वक्त्याला प्रवाळ आणि पोळं यातला फरक कळत नाही, त्याला कुणीतरी मध काढायच्या कामावर लावा. लोक पोट धरून हसले. त्या दिवसापासून अबोला. पूर्वेच्या डोंगरातलं बाकी सगळं इतकं झिजलेलं होतं की त्यावरून काही ठरेना, त्यामुळे समुद्र की जमीन याची सगळी मदार या दोन दगडांवर राहिली.

आणि माझं काम काय, तर त्याच संग्रहालयात मी दगड कापते. कापते, घासते, पॉलिश करते, कागदासारख्या पातळ चकत्या करून काचेवर चिकटवते. आमच्या घरातल्या मुलीनं दुसरं काही करायची सोयच नव्हती. या वर्षी प्रवाळांचं नवं दालन उघडायचं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. उद्घाटन शुक्रवारी. एक अख्खी भिंत भरून नकाशा: पश्चिमेचा समुद्र निळा, पूर्वेचा समुद्र निळा, आणि मधे एक उभी पट्टी, जिला रंगच नव्हता. पट्टीखाली पेंटर शिडी लावून बसलेला असायचा. मी दालनात पाऊल टाकलं की त्याचा एकच प्रश्न.

“मॅडम, निळा का तपकिरी?”

“विचारून सांगते.”

“परवाही हेच म्हणालात.”

आमचे संचालक या दोघांचेही विद्यार्थी. दोघांनीही त्यांना त्या काळी असं काही झापलंय की अजून बाबांचं नाव काढलं की ते टाय सारखा करतात. मी त्यांना म्हटलं, सर, तुम्ही ठरवा आणि विषय संपवा. ते म्हणाले, “छे छे, दोघांची संमती हवी. दोघांच्या नावाचं दालन आहे.” आणि मीटिंगला निघून गेले. त्यांना नेमकी अशाच वेळी मीटिंग असते.

मी खाली विचारलं. “निळा,” बाबा म्हणाले. वर विचारलं. “तपकिरी.” मी खाली म्हटलं की निम्मी पट्टी निळी, निम्मी तपकिरी केली तर? बाबा म्हणाले, “समुद्र काय टेबलक्लॉथ आहे?” वर म्हटलं की फिकट निळा देऊ, म्हणजे उथळ खाडी, कधी पाणी, कधी चिखल? आत्या म्हणाली, “त्यापेक्षा पट्टीवर पडदा लाव आणि मागे तुझ्या बापाला बसव.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विमानाच्या बॅगा भरताना या बाईला हे सुचतं! आणि खाली तो दुसरा, दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून, कान वरच्या मजल्याकडे लावून, वर कपाटं सरकल्याचा आवाज झाला की मला विचारणार, “काय नेतेय गं ती? भिंग नेतेय का?”

“तुम्हीच जाऊन विचारा.”

“मी कशाला विचारू?”

हे असं. ज्याला राग आहे त्याला दुसऱ्याची चाहूलही हवी, यावर मी काय बोलणार. मला दोघांच्याही डोक्यात एकेक दगड घालावासा वाटत होता. घरात दगडांची कमतरता नव्हतीच.

बुधवारी मी ते दोन प्रवाळ कपाटांतून काढले. दोन कपाटं, कोठाराच्या दोन टोकांना, दोन किल्ल्या. एकीचा दगड दुसऱ्याच्या टेबलावर यायचा नाही अशी शिस्तच होती. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांच्या दगडाच्या चकत्या आणि फोटो तेवढे पाहिलेले. दोन्ही दगड प्लास्टरच्या बैठकीत बसवलेले होते, कापलेली बाजू वर, फुटकी बाजू प्लास्टरमध्ये बुडालेली. जुन्या लोकांची ही पद्धतच होती, दगड डुगडुगू नये म्हणून. नव्या दालनात धातूचे स्टँड येणार होते, तेव्हा प्लास्टर काढणं आलं. मी आत्याचा दगड भिजवला, पातळ छिन्नीनं हळूहळू प्लास्टर सोडवलं. मग बाबांचा. बाबांच्या दगडाला कुणीतरी कधीतरी वार्निश फासलेलं होतं, ते पिकून पिवळं झालेलं. ब्रशनं दोन्ही स्वच्छ केले आणि ट्रेमध्ये शेजारी शेजारी उलटे सुकत ठेवले. त्या संग्रहालयाच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच ते शेजारी आले असतील.

मी हात पुसता पुसता बघत होते. आत्याच्या दगडाच्या फुटक्या बाजूला एक उंचवटा होता, घोड्याच्या खोगिरासारखा. बाबांच्या दगडाला तिथेच एक खोलगा होता.

मी दोन्ही उचलले आणि एकमेकांना लावले.

बसले. केसाचीही फट नाही. इकडची अर्धी घरं तिकडच्या अर्ध्या घरांना भिडली आणि पुरी झाली. अर्धवट तुटलेली एक भिंत इकडून निघाली ती सरळ तिकडे गेली. आणि घरांच्या आकाराचं म्हणाल तर वसाहतीच्या कडेला घरं लहानच असतात आणि गाभ्यात मोठी. आत्याकडे कड होती, बाबांकडे गाभा. एकच दगड होता. फुटलेला.

मला आनंद व्हायला हवा होता. शोध लागला म्हणून एखादीनं नाचून घेतलं असतं. मी स्टुलावर बसले आणि मोठ्यानं म्हटलं, “गाढवं आहेत दोघंही!” इतकी वर्षं माझ्या आईनं, मग मी, या दोन माणसांमधे जिने चढले उतरले. सणावाराला कुणाकडे जेवायचं यावरून आई रडली. आणि हे सगळं कशासाठी, तर एका दगडाच्या दोन अर्ध्यांसाठी. एकीनं एकाच दगडाला दोन नावं दिली. दुसऱ्यानं एका दगडाच्या जोरावर खाण आणि डोंगर यांच्या मधे समुद्र ओतला. दोघांनीही डोळ्याला भिंगं लावून लावून वर्षं घालवली आणि दगड उलटा करून बघायचं काही सुचलं नाही. असली चूक फक्त तज्ज्ञच करू शकतात. ज्याला काही कळत नाही त्यानं आधी दोन्ही हातात घेऊन बघितले असते.

मग राग थोडा उतरला आणि खरा प्रश्न पुढे आला. हा दगड आला कुठून? एकाच वेळी पश्चिमेच्या खाणीतून आणि पूर्वेच्या डोंगरातून तर येणं शक्य नाही. मी खूप डोकं चालवलं. उत्तर माझ्याकडे नव्हतंच. ते या दोघांकडेच असणार, आणि तेही अर्धं अर्धं.

गुरुवारी मी दोघांनाही निरोप दिला: पट्टीचं काय ते कळलंय, बघायचं असेल तर दुपारी माझ्या कामाच्या खोलीत या. खोटं काहीच नव्हतं त्यात. बाबांना वाटलं निळा ठरला, त्यांनी नवा शर्ट घातला. आत्याला वाटलं तपकिरी ठरला, तिनं लिपस्टिक लावली.

आत्या आधी आली. करवतीजवळच्या स्टुलावर बसून तिनं माझ्या खोलीतली धूळ, माझा एप्रन आणि माझं वजन यावर एकेक शेरा मारला. मग बाबा काठी टेकत आले, दाराशी थांबले.

“कोण आहे आत?”

“आत्या.”

“तिला सांग, मला माहीत असतं तर आलो नसतो.”

“त्याला सांग, मलाही.”

“मी कुणाला काहीही सांगणार नाही,” मी म्हटलं. “मी आज बंद आहे. बसा.”

माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण दोघंही गप्प बसले. मी बाबांच्या हातात त्यांचा दगड दिला. वार्निश लागताच त्यांनी तो ओळखला, अंगठा फिरवला, चेहरा खुलला. आत्याचा दगड मी तिच्या हातात दिला.

“प्लास्टर काढलंस?” आत्या दचकली. “मला न विचारता?”

“काढलं. आता तुझा त्यांना दे.”

“कशाला? तो पाडेल.”

“आत्या, दे.”

तिनं दिला, पण हात खाली धरून ठेवला, पडला तर झेलायला. बाबांनी दोन्ही दगड मांडीवर घेतले. एक चाचपला, दुसरा चाचपला. बोटं उंचवट्यावरून गेली, खोलग्यात गेली आणि थांबली. मग त्यांनी अगदी हळू दोन्ही एकमेकांजवळ आणले आणि ते बसले. तो लहानसा टक्क आवाज तिघांनीही ऐकला. बाबांनी ते वेगळे केले. पुन्हा बसवले. पुन्हा वेगळे केले, पुन्हा बसवले.

आत्यानं पर्समधून आजोबांचं भिंग काढलं. खाली वाकली, जोडावर भिंग धरलं, भिंतीमागून भिंत बघत गेली. तिचा चेहरा मी इतका जवळून कधी पाहिला नव्हता. आधी लाल झाला, मग सगळं रक्त उतरलं.

“कुठून आणलास हा?” ती म्हणाली.

माझ्याकडे न बघता. सरळ त्यांना.

“पूर्वेच्या डोंगरातून,” बाबा म्हणाले.

“खोटं.”

“ताई, शप्पथ...”

“अरे, पण हा माझा खाणीतला आहे! मी स्वतः काढलाय. मग ह्याचा अर्धा तुझ्या डोंगरात काय चालत गेला?”

बाबांचा अंगठा दगडाच्या कडेवर एका खाचेत घुटमळत होता. “हा घाव डाव्या हाताचा आहे,” ते म्हणाले. “तिरका, वरून खाली. असा हातोडा तूच मारायचीस. गुरुजी ओरडायचे तुला.”

आत्या सावकाश स्टुलावर बसली. “कॉलेजची पहिली ट्रिप,” ती म्हणाली.

“पहिली ट्रिप. खाणीच्या मागच्या अंगाला. मला आधी दिसला होता.”

“मला आधी दिसला होता.”

“बरं, दोघांना. आणि मी भोकाड पसरलं, मला पाहिजे म्हणून.”

“कॉलेजात होतास, घोडा झाला होतास, आणि सगळ्यांच्या देखत भोकाड पसरलंस. लाजेनं मेले मी. म्हणून फोडला.” तिनं भिंगानं त्यांच्या मांडीवर टोचलं. “पण तो पूर्वेला कसा गेला?”

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना खिडकी दिसत नाही.

“मी पिशवीत ठेवायचो.”

“कुठल्या?”

“दगडांच्या. कामावर जाताना. प्रत्येक वेळी.”

“कशाला?”

“असाच.”

“असाच म्हणजे?”

“शकुनाचा म्हणून,” बाबा पुटपुटले.

“काय?”

“शकुनाचा म्हणून! तो बरोबर असला की काहीतरी सापडायचं. पूर्वेला गेलो तेव्हाही होता. पाऊस, चिखल, पिशवीतले सगळे दगड बरबटून एकसारखे झाले. माझा तर कायमचा मळका, कधी धुतलाच नव्हता. परत आलो तर तसा एकही पिशवीत नव्हता. मला वाटलं डोंगरात पडला. किती शोधला मी. तुला सांगायची छाती झाली नाही. आणि मग धुतलेल्या दगडांत हा इतका सुंदर निघाला...”

“शकुनाचा!” आत्या उभी राहिली. “शास्त्रज्ञ म्हणवतोस! स्वतःचाच हरवलेला दगड स्वतःलाच सापडला आणि त्याच्यावर समुद्र बांधलास! अख्खा समुद्र!”

“आणि तू? एकाच दगडाची दोन बारशी केलीस! मी म्हटलंच होतं, एका माणसाचे दोन फोटो...”

“भर सभेत म्हटलंस!”

“तू मध काढायला पाठवलंस!”

“मग काय, सत्कार करू?”

दोघं असे भांडत होते की रॅकवरच्या काचा थरथरत होत्या. मी शाळेत असल्यापासून ज्या दिवसाची वाट बघत होते तो दिवस आला होता आणि मला कानात बोळे घालावेसे वाटत होते. दारातून पेंटरनं डोकं आत घातलं. त्याच्या एका हातात निळा डबा, दुसऱ्या हातात तपकिरी.

“मॅडम, माफ करा. मग निळा का तपकिरी?”

“काहीच नाही!” दोघं एकदम ओरडले.

पेंटर माझ्याकडे बघायला लागला. मीही या दोघांकडे बघायला लागले.

“दगड दोन्हीकडे मिळाला असता तर मधे समुद्र,” बाबा म्हणाले, कुणी कडू औषध पाजत असल्यासारखे. “तो मिळालाच नाहीये दोन्हीकडे. माझ्याकडे आता काही नाही.”

“दगड वेगळे असते तर मधे जमीन,” आत्या म्हणाली. “ते वेगळे नाहीत. माझ्याकडेही काही नाही.” मग पेंटरला म्हणाली, “पट्टी कोरी ठेवा. भिंतीचा रंग आहे तोच राहू दे.”

“कोरी ठेवली तर लोकांना वाटेल रंग संपला,” बाबा म्हणाले. “त्यावर लिहा, माहीत नाही.”

“अजून माहीत नाही,” आत्या म्हणाली. “अजून घाल.”

“हो. अजून घाल.”

एवढ्या एका शब्दावर त्यांचं जमलं. पेंटर दोन्ही डबे घेऊन निघून गेला, जाताना माझ्याकडे असं काही बघून की जणू हे मीच आधी सांगायला हवं होतं. संचालकांना काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले. छापलेली पुस्तिका रद्द, दोन तज्ज्ञांच्या दोन सिद्धांतांवरचा तो रंगीत फलक रद्द, भाषणातला अर्धा भाग रद्द. आणि उद्घाटन उद्या. माझ्या डोक्यात कळ यायला लागली होती.

मी मागे वळून पाहिलं. आत्या पर्स आवरत होती. बाबांनी दगड वेगळे केले होते. एका हातात आपला, दुसऱ्या हातात आत्याचा. ते वजन करून बघत होते. मग त्यांनी दोन्ही मांडीवर शेजारी ठेवले आणि बोटांनी मोजायला लागले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आधी एक, मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

“ताई,” ते म्हणाले.

“काय आता?”

“माझा मोठा आहे.”

“काय मोठा आहे?”

“तुकडा. माझा मोठा आहे. चांगला दुप्पट आहे.” त्यांचा आवाज चमत्कारिक झाला होता. “गाभा पूर्ण माझ्याकडे आलाय. तुझ्याकडे नुसती कड आहे.”

आत्या चष्मा पुसत होती. तिनं वर पाहिलं सुद्धा नाही.

“मग?” ती म्हणाली. “धाकटा कोण होता?”

बाबांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी हात पुढे केला, नजर नसलेला माणूस करतो तसा, जरा चुकीच्या दिशेला. आत्यानं तो धरला आणि ओढून योग्य जागी आणला आणि म्हणाली, “नीट बस, पाडशील.” दोन्ही दगड मांडीवरच होते. तिनं दुसरा हात त्या दगडांवर ठेवला.

मी नुसती बघत उभी राहिले आणि त्याचाही मला राग आला, कारण कामं पडली होती. स्टँड आले होते. दगड चढवायचे होते, दिवे लावायचे होते, नवी पाटी करायची होती.

“बाबा, आत्या, ते दोन्ही इकडे द्या,” मी म्हटलं. “मला लावायचेत.”

दोघांपैकी कुणीही माझं ऐकलं नाही.